दुसरी लेन्स कोणती?

परवा रात्री जेवणं आटोपून बातम्या बघत बसलो होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. आमच्या थोरल्या दादांचा नातू. मला 'धाकटे आबा' म्हणतो. नोकरीला लागून वर्ष झालं, ओळखीच्या कुणाकडून जुना डीएसएलआर कॅमेरा घेतलाय. सोबत 18-55 ची लेन्स मिळाली आहे आणि आता पंधरा हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत.

"आबा, दुसरी लेन्स कोणती घेऊ? दिवाळीत आठ दिवस तिकडे येतोय. सगळं काढायचंय."

"सगळं म्हणजे काय काय?"

त्याने यादीच वाचून दाखवली. नाणेघाट, तुळजा लेणी, लेण्याद्री, खोडदच्या दुर्बिणी, भीमाशंकरचं शेकरू, जमलं तर बिबट्या, पुढे जत्रांच्या दिवसांत बैलगाडे. आणि शेवटी, "घरचे फोटो काय, होतीलच."

हे शेवटचं वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. फोनवर मी "सावकाश सांगतो" एवढंच म्हणालो. ते सावकाश म्हणजे आजचा हा लेख. घरातल्या आणखी तिघा-चौघांनी हाच प्रश्न अधूनमधून विचारलाय, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले. दुसरी लेन्स लांबचं जवळ आणणारी घेऊ नये. 50 मि.मी.ची, झूम न होणारी, एफ 1.8 ची छोटी लेन्स घ्यावी. लांबची त्यानंतर. रुंद कोनाची कधी घेतलीच नाही तरी चालेल. आता हे असं का, ते सविस्तर. शिक्षकाची खोड आहे, नुसतं उत्तर सांगून भागत नाही, रीत दाखवावी लागते.

मी काही फोटोग्राफर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधून मराठी आणि इतिहास शिकवत आयुष्य गेलं. 2009 साली निवृत्त झालो, हातात पैसे आले, दुसऱ्या वर्षी कॅमेरा घेतला. आमच्या सौ.नी "आता या वयात?" एवढंच विचारलं होतं. सूचनापुस्तिका इंग्रजीत. ती शेजारी शब्दकोश ठेवून वाचली, बाकीचं चुका करत शिकलो. त्यातल्या दोन चुका महागात पडल्या. एक पैशाने, आणि दुसरीची किंमत पैशात सांगता येत नाही. दोन्ही पुढे येतील.

आकडे काय सांगतात

लेन्सवर दोन आकडे असतात आणि दुकानात आपण नेमका पहिलाच बघतो. 18-55, 70-300, 50 हे मिलिमीटरचे आकडे. आकडा लहान तेवढं चित्रात जास्त मावतं, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. हे सगळ्यांना लगेच कळतं आणि इथेच फसगत होते. 55 पेक्षा 300 मोठा, म्हणजे 300 ची लेन्स भारी, असा आपला हिशेब.

दुसरा आकडा एफचा. तो जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. उलटं वाटतं, पण सोपं आहे. आपल्या खोडदला जाऊन पाहा. तिथल्या महाकाय दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. एवढ्या मोठ्या कशाला? आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की त्या गोळा करायला पसरट तोंडच लागतं. पावसात तांब्या ठेवला आणि परात ठेवली तर कशात जास्त पाणी जमेल, तोच न्याय. लेन्सचंही तसंच.

आता गणित. मि.मी.च्या आकड्याला एफच्या आकड्याने भागलं की तोंडाचा व्यास मिळतो. 50 भागिले 1.8 म्हणजे जवळजवळ 28 मि.मी. तेच 50 भागिले 5.6 म्हणजे 9 मि.मी. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळते ती 18-55 ची लेन्स 55 ला नेली की साधारण एफ 5.6 वर येते. म्हणजे एफ 1.8 ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहापट उजेड आत घेते. जो फोटो काढायला कॅमेऱ्याला सेकंदाचा आठवा भाग लागत होता, तो सेकंदाच्या ऐंशीव्या भागात होतो. सेकंदाच्या आठव्या भागात माणूस हलतो, बोलतो, पापणी मिटतो. ऐंशीव्या भागात बहुतेक स्थिर सापडतो. हा आठवा भाग लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आधी आपले जुने फोटो वाचा

लेन्स घेण्याआधी एक काम करावं असं माझं सगळ्यांना सांगणं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते. किती तारखेला काढला, किती मि.मी.वर काढला, तोंड किती उघडं होतं, किती वेळ लागला. संगणकावर फोटोवर उजवी टिचकी मारून माहिती उघडली की सगळं दिसतं.

एका पावसाळ्यात वीज नव्हती तेवढे दिवस सोडून बाकीचे दिवस मी हे करत बसलो. हजेरीपुस्तकासारखे रकाने आखले. सगळे फोटो नाही घेतले. ज्या फोटोंची कुणीतरी प्रत मागितली होती, ज्यांचं मी प्रिंट काढून दिलं होतं, असे शंभर फोटो घेतले. मला वाटलं होतं, नाणेघाट आणि पक्षी निघतील. निघाली माणसं. शंभरात सत्तरच्या वर. घराच्या ओसरीवर, देवळाच्या मंडपात, शाळेच्या वर्गात, लग्नघरात, म्हणजे बहुतेक सगळी सावलीत किंवा दिव्याच्या उजेडात. लांबच्या लेन्सने काढलेले नऊ होते. ज्या लेन्सवर मी सर्वांत जास्त पैसे घातले, तिचे नऊ!

त्याच वेळी खराब फोटोंचंही पुस्तक उघडलं. ती पोरंही त्याच वर्गातली. हललेले, काळवंडलेले, रवाळ झालेले फोटो बहुतेक सगळे घरातले आणि संध्याकाळचे. म्हणजे लोकांना जे हवं होतं तेच माझ्या हातून सर्वांत जास्त बिघडत होतं, आणि मी मात्र आकाशातल्या घारीसाठी लेन्स घेऊन बसलो होतो.

आता यादीकडे वळू

रुंद कोनापासून सुरुवात करतो. नाणेघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की समोर कोकण, बाजूला जीवधन, त्याला चिकटून उभा वानरलिंगी सुळका. हे सगळं 18 वर मावतं. नाही मावलं तर दोन फोटो शेजारीशेजारी घेऊन जोडता येतात. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या लिखित अंकांपैकी काही त्या भिंतीवर आहेत. मुलांना घेऊन मी तिथे कितीदा गेलो असेन. त्या लेखाला लेन्स कोणतीही चालते, उजेड मात्र बाजूने लागतो. समोरून फ्लॅश मारला की भिंत सपाट दिसते. कुणाला तरी बाजूला उभं करून टॉर्च तिरका धरायला सांगावा, म्हणजे अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि अक्षरं उठतात. लेखाला हात लावू नये, पाणी-खडू तर मुळीच नाही. अशा संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असू दे.

खरी अडचण तुळजा लेण्यात येते. तिथला चैत्य गोल आहे, बारा खांबांचं रिंगण आणि मध्ये स्तूप. आत उभं राहिलं तर 18 वरही रिंगण पुरं मावत नाही. त्यासाठी दहा-बारा मि.मी.ची लेन्स लागते. पण अशी जागा दोन तालुक्यांत किती? बोटावर मोजण्याएवढ्या. आणि आजकाल तुमच्या खिशातल्या फोनलाच एक रुंद कोनाची लेन्स असते. तेवढ्यापुरता फोन काढावा. पंधरा हजार वाचले.

आता लांबची. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू उंच फांद्यांवर असतं. त्याला 250-300 तरी हवी हे कबूल. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो, फोटो काढावासा वाटणारच. पण तिथे झाडी इतकी दाट की भर दुपारी संध्याकाळ वाटते. स्वस्तातली लांब लेन्स 300 वर गेली की तिचं तोंड एफ 5.6 किंवा त्याहून बारीक असतं. वर हात थरथरतात (माझे तर थरथरतातच). लेन्समध्ये थरथर सांभाळणारी सोय असते, ती आपल्या हाताची थरथर सांभाळते, शेकराची उडी नाही. मला पाच खेपांत एक बरा फोटो मिळाला, तोही शेकरू खात बसलं होतं म्हणून.

बैलगाड्याला मात्र लांब लेन्सच हवी आणि तिथे ती शोभते. भर उन्हात शर्यत, उजेडाची ददात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या मे महिन्यात बंदी घातली होती, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. मधली सात वर्षं आमच्याकडचे घाट ओस पडले होते, त्यामुळे आता गर्दी किती असते ते विचारू नका. गाडा सुटला, निवेदकाची "भिर्रर्र" ऐकू आली की काही सेकंदांत खेळ आटोपतो. घाटाच्या तोंडाशी उभं राहू नये, कडेला उंचावर, लांब उभं राहावं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागावर कॅमेरा ठेवावा. आणि तिथे लेन्स बदलू नये. बैलांच्या खुरांनी उडालेला फुफाटा एकदा कॅमेऱ्याच्या पोटात गेला की साफ करायला पुणं गाठावं लागतं.

राहिला बिबट्या. यावर मी जरा कडक बोलणार आहे. धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, पाण्याने ऊस आला आणि उसाने बिबट्याला लपायला, पिलं घालायला जागा दिली. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. आमच्याकडे माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. ज्या वस्तीत असं झालंय तिथे मोठी लेन्स गळ्यात घालून "बिबट्या दिसतो का हो?" म्हणून विचारत फिरणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. ते मला बघवत नाही. पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराभोवती गर्दी करणं त्याहून वाईट. 150-600 ची लेन्स आहे, वजन दोन किलो, किंमत लाखाच्या घरात. ती घेतली म्हणून रात्री उसात शिरायचा परवाना मिळत नाही. यादीतून हे नाव काढ बाबा.

लहान वस्तूंच्या लेन्सबद्दल थोडक्यात. पावसाळ्यानंतर सड्यांवरची इवली फुलं, भीमाशंकरच्या ओंडक्यांवरच्या अळंब्या यांना मॅक्रो लेन्स लागते आणि ती महाग असते. पण कॅमेरा आणि 50 ची लेन्स यांच्यामध्ये लावायच्या पोकळ कड्या मिळतात. त्यांच्यात काच नसते, म्हणून त्या स्वस्त असतात. त्या लावल्या की तीच लेन्स फुलाच्या अगदी जवळ जाऊन फोकस करते. हौस भागते.

आणि अंधारातले कार्यक्रम. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपाऱ्या द्यायला येतात. रात्री कनातीत, रंगीत दिव्यांत ढोलकीवाल्याचा हात टिपायचा तर एफ 5.6 तिथे गुडघे टेकते. काकड्याला, कीर्तनाला, हळदीला हीच गोष्ट. तिथे 50 ची एफ 1.8 लावा आणि फरक बघा.

एकच लेन्स सगळ्याला?

आमचे एक स्नेही म्हणतील, कशाला या भानगडी, 18-300 ची एकच लेन्स घ्यावी आणि निवांत व्हावं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या वयात, नाणेघाटाच्या वाऱ्यात एका हातात झाकण, दुसऱ्या हातात लेन्स आणि तिसरा हात नाही, अशी अवस्था होते. प्रवासाला अशी लेन्स सोयीची. पण तीही 50 च्या पुढे गेली की तोंड बारीक करते. म्हणजे जिथे उजेड आहे तिथे ती सगळं करते आणि जिथे उजेड नाही तिथे फुकटच्या लेन्सइतकंच करते. आणि माझ्या हजेरीपुस्तकाने तर सांगितलंच आहे की माझी माणसं उजेडात नव्हती.

दादांचा फोटो

आता ती दुसरी चूक. ही मी आजवर घरात कुणाला नीट सांगितलेली नाही.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आमचं मूळ घर त्या जुन्या आंबेगावातलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पडक्या भिंती, देवळाचे दगड वर येतात. 2016 च्या मे महिन्यात पाणी फारच खाली गेलं होतं. मी घोडेगावी दादांकडे गेलो होतो. दादा म्हणाले, "चल, घर बघून येऊ." पाण्यात गेलेल्या घराला ते शेवटपर्यंत 'घर'च म्हणत.

काठावर पोचलो. माझ्या कॅमेऱ्याला 70-300 लावलेली होती. दादांनी काठी उचलून रोखली. "ते बघ आपलं जोतं. त्या कोपऱ्यात आई जात्यावर बसायची." मी 300 वर नेऊन पाहिलं. खरंच, चिऱ्यांची रांग स्वच्छ दिसत होती. मी फोटो काढत सुटलो. मग मनात आलं, दादा असे काठी रोखून उभे आहेत, मागे जोतं आहे, हा फोटो हवा. कॅमेरा त्यांच्याकडे वळवला तर चेहरा धूसर. ती लेन्स दीड मीटरच्या आत फोकसच करत नाही. मागे सरकलो. चेहरा मावला, पण काठी आणि जोतं मावेना. आणखी मागे उतार होता, गाळ होता. 18-55 पिशवीत होती. पण वारा सुटला होता, धूळ उडत होती, मी लेन्स बदलायचा कंटाळा केला. म्हणालो, "घरी गेल्यावर नीट काढतो."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. ओसरीवर एक दिवा. दादा जुन्या गावच्या गोष्टी सांगत होते, हसत होते. आता 18-55 लावली, 55 वर नेली, एफ 5.6, सेकंदाचा आठवा भाग. हलला. दुसरा काढला, तोही हलला. फ्लॅश मारला तर डोळे मिटले. दादा म्हणाले, "राहू दे रे, पुन्हा कधीतरी काढ."

पुढच्या जानेवारीत दादा गेले. दहाव्याच्या आधी घरात फोटो शोधायला लागले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच होतं, घरात कॅमेरावाला मी. माझ्याकडे त्या जोत्याचे चौदा फोटो होते. चिरा न् चिरा मोजता येईल असे. दादांचा एकही नव्हता.

नातवा, तुमच्या ओसरीवर हार घातलेला जो फोटो तू इतकी वर्षं बघतोस, तो दादांच्या आधार कार्डावरचा आहे. स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. पापण्या अर्धवट मिटलेल्या, गळ्यापर्यंत बटण लावलेलं, ओठ घट्ट. दादा असे कधी बसत नसत.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की भिंतीकडे बघायची सवय लागली. तुम्हीही बघा. कितीतरी घरांत आई-वडिलांचे फोटो आधार कार्डावरचे, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून कापून घेतलेले, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असलेले. ज्यांनी जन्मभर उन्हातान्हात काम केलं त्यांचा एक चेहरा आपल्याला नीट ठेवता येत नाही.

पैशाची चूक आणि खरेदीच्या चार गोष्टी

दादा गेल्यावर मी 50 ची लेन्स घ्यायला निघालो आणि इथे पहिली चूक झाली. एका दुकानात वापरलेली लेन्स स्वस्तात मिळाली. घरी आणून लावली तर फोकस आपोआप होईना. जुन्या पद्धतीच्या काही लेन्सेसमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. माझ्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यात ती नव्हती. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत घ्यायला तो तयार होईना. हाताने फोकस करावा तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे माझे डोळे. शेवटी मोटर असलेली दुसरी घेतली. एकाच लेन्सचे पैसे दोनदा भरले.

म्हणून:

1. स्वतःचा कॅमेरा घेऊन दुकानात जा. लेन्स लावून, जवळचं आणि लांबचं फोकस होतं का ते बघूनच पैसे दे.

2. वापरलेली लेन्स असेल तर आतून टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नको. आपल्याकडे घाटमाथ्याचा पाऊस, दमट हवा, बुरशीला आमंत्रणच. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. तांदळात ठेवू नको, त्याची पूड काचेवर बसते.

3. कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्सेस लोक विकायला काढतात. घाई केली नाही तर आपला फायदा आहे. नवी 50 ची एफ 1.8 सुद्धा तुझ्या पंधरा हजारांत बसते आणि तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत असतं.

4. बैलगाड्यासाठी लांब लेन्स पुण्यात दोन दिवस भाड्याने मिळते. माझी 70-300 तर कपाटातच आहे. घेऊन जा.

फोनचं काय, असं कुणीतरी विचारेलच. फोन आता रात्रीसुद्धा बरे फोटो काढतो हे खरं. मागचं धूसरही करून देतो. पण ते धूसर तो हिशेबाने करतो. मोठं प्रिंट काढलं की केसांच्या कडा, पदराचा काठ, चष्म्याची काडी यांवर तो हिशेब चुकलेला दिसतो. फोनच्या पडद्यापुरता फोटो हवा असेल तर फोन पुरे. भिंतीवर पन्नास वर्षं राहायचा असेल तर लेन्स हवी.

कसा काढतो

50 ची लेन्स हाती आल्यापासून रीत साधी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, दाराच्या आत दोन हातांवर खुर्ची ठेवायची, दाराला तोंड करून नाही, थोडी तिरकी. उजेड एका गालावरून येतो. आपण सहा-साडेसहा फुटांवर. आपल्या साध्या डीएसएलआरवर, कॅमेरा उभा धरला की एवढ्या अंतरावरून माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत नेमका मावतो. घर अगदीच लहान असेल, मागे सरकायला भिंतच येत असेल, तर 50 ऐवजी 35 ची घ्यावी. तोंड पूर्ण उघडं ठेवायचा मोह करू नये. एफ 1.8 वर या अंतराला वीतभर खोलीसुद्धा स्पष्ट येत नाही, डोळा स्पष्ट आला तर कान जातो. एफ 2.8 वर ठेवावं, जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. आणि बोलत राहावं. पेरणी झाली का, नात कितवीला गेली, गुडघा कसा आहे. माणूस उत्तर देऊन थांबतो त्या क्षणी चेहरा त्याचा स्वतःचा असतो.

झूम नाही म्हणून सुरुवातीला चिडचिड होते. पण पाय आहेत ना! पुढे जायचं, मागे यायचं, आणि तेवढ्यात चार शब्द बोलणं होतं. आता वाडीवरची माणसं स्वतःहून येतात. "गुरुजी, आमच्या म्हातारीचा एक काढून द्या." प्रिंटचे पैसे मी घेत नाही. भाकरी मात्र खाऊन येतो.

तर नातवा, थोडक्यात उत्तर असं. 18-55 आहेच, ती डोंगरांना आणि लेण्यांना पुरते. रुंदला फोन आहे. लांबची माझ्याकडची ने. तुझ्या पैशांची 50 घे. आणि 'घरचे फोटो काय, होतीलच' असं पुन्हा म्हणू नको. ते होत नाहीत. नाणेघाट दोन हजार वर्षं तिथेच आहे, पुढच्या दिवाळीतही असेल.

तुझी आजी, म्हणजे आमच्या वहिनी, ब्याऐंशीच्या झाल्या. त्यांचा चांगला फोटो अजून माझ्याकडेही नाही. मी दोनदा कॅमेरा काढला, दोन्ही वेळा पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "आत्ताच कशाला? मी काय चालले की काय?" दिराला असं सांगता येतं, नातवाला नाही सांगायच्या.

पाडव्याला सकाळी लवकर ये. दाराजवळची खुर्ची मी मांडून ठेवतो. वहिनींना आजपासूनच पटवायला लागतो, तेवढा वेळ लागेलच.